आषाढीला आम्ही घर झोपवतो

पहिल्या गुरुवारी आम्हा सहा नव्या स्वयंसेवकांना त्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात नेलं आणि सांगितलं, हात पाठीमागे बांधा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. कशाला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, आपापसात बोलायचं नाही. मग व्हरांड्यात येऊन जे दिसलं ते वहीत लिहायचं. मी लिहिलं : काचेची झुंबरं दोन, सागवानी आरामखुर्ची, तसबिरी नऊ, भिंतीवरचं घड्याळ बंद. माझ्या शेजारच्या वास्तुकलेच्या विद्यार्थिनीने लिहिलं : डावीकडच्या खिडकीखाली पिठासारखा भुसा पडलाय. घराचं काम बघणाऱ्या संवर्धक बाईंनी तिची वही सगळ्यांना दाखवली. भुसा म्हणजे घुण. इथे रोज केर काढतात, म्हणजे हा भुसा काल रात्रीचा. चौकट आत्ताही आतून खाल्ली जातेय. "झुंबर कोणालाही दिसतं," त्या म्हणाल्या. "मला भुसा दिसणारी माणसं हवीत."

माझा जन्म गिरगावातला, चाळीतला. लग्नानंतर डोंबिवली, आणि बत्तीस वर्षं बँकेत नोकरी. निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांनी एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं की आमच्या गिरगावातल्याच एका वाडीतलं दुमजली घर लोकांसाठी उघडायचं चाललंय आणि त्यांना कामाला स्वयंसेवक हवेत. घर एका डॉक्टर कुटुंबाचं. चौथ्या पिढीतली मंडळी पुण्याला आणि परदेशात. त्यांनी ते विकासकाला न देता एका लहानशा न्यासाच्या हाती सोपवलं. घराचं नाव आणि वाडी लिहू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून लिहीत नाही.

अर्ज अर्ध्या पानाचा होता. काय येतं, आठवड्यातला कोणता दिवस देऊ शकता, जिना चढता येतो का, धुळीचा त्रास आहे का. सोबत दोन ओळखीच्या माणसांची पत्रं. मग तासभर गप्पा. शेवटी एक कागद सहीला पुढे आला : घरातल्या पत्रांचे, वह्यांचे फोटो काढणार नाही, घरातली गोष्ट विचारल्याशिवाय बाहेर सांगणार नाही, तीन महिने शिकाऊ राहीन. मानधन नाही, गाडीभाडं आणि दोन वेळचा चहा. कपाटांच्या किल्ल्या नेहमी दोघांच्या हातात, एकट्याने कपाट उघडायचं नाही. बँकेतली तिजोरी आम्ही अशीच उघडायचो, त्यामुळे तो नियम वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

खरं शिक्षण मात्र सुरू झालं ते पितळेपासून.

आपल्याकडे भांडं घासणं ही लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. चिंच, राख, रांगोळी, उरलेली आमसुलं. सणाच्या आदल्या दिवशी समया लखलखल्या नाहीत तर आजी रात्री जेवायला बसायची नाही. त्या घरातल्या माळ्यावरून काळवंडलेली समई खाली आली तेव्हा माझे हात नुसते शिवशिवत होते. मी म्हटलंच, "चिंच आणते, दहा मिनिटांत सोन्यासारखी होईल." संवर्धक बाईंनी काही न बोलता दोन तांबे आणून टेबलावर ठेवले. जोडीचे, एकाच दिवशी एकाच हाताने नाव घातलेले. एक वर्षानुवर्षं रोजच्या वापरात होता, दुसरा कापडात गुंडाळून पेटीत राहिलेला. पेटीतल्या तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अख्खी ओळ होती : कोणाच्या मुंजीत, कोणी, कोणत्या साली दिला. वापरातल्यावर बोट फिरवलं तर कुठे एखादा खळगा लागत होता, वाचता काहीच येत नव्हतं. "काकू, चिंचेतलं आम्ल नुसती काळी पुटं काढत नाही, थोडा धातूही नेतं," त्या म्हणाल्या. "वर राखेची नाहीतर रांगोळीची घासणी. दर वेळी थोडं थोडं. चाळीस दिवाळ्यांत नाव गेलं."

त्या रात्री घरी आल्यावर मी आमच्या आजीचं घंगाळ फडताळातून काढलं. त्यावर आता फक्त 'सौ.' उरलंय. पुढचं मीच घासून काढलेलं आहे, मोठ्या प्रेमाने.

तर त्या घरात आम्ही पितळ चकचकीत करत नाही. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकतो, सुती कापडाने टिपतो, हातात नायट्राइलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे मोजे घालतो, कारण घामातल्या क्षारांचे ठसे धातूवर उमटतात आणि काही महिन्यांनी तिथे बोटांची खूण काळी होऊन वर येते. कागदाचं वेगळं. जुन्या कागदाला हात लावताना सुती मोजे घातले तर बोटांना पान नीट कळत नाही आणि कडा फाटतात. तिथे स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हातच चांगले. लाकडाला खोबरेल लावायचं नाही, त्यावर धूळ चिकटून बसते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरतो. पहिल्या महिन्यात मी जेवढं शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त 'करायचं नाही' या प्रकारातलं होतं. साठीला टेकलेल्या, घर राखण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला हे सोपं जात नाही. हात आवरायला मला भाषा शिकावी तसं शिकावं लागलं.

आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. जिन्याजवळच्या भिंतीवर या घरातल्या मुलींचा एक फोटो होता, शाळेच्या बक्षीस समारंभानंतरचा, आठजणी रांगेत. काचेवर माशांचे डाग होते. मी फडकं ओलं केलं, पिळलं आणि पुसलं. घरी मी हजार वेळा पुसली असेल अशी काच. पण जुन्या चौकटीत काच आणि लाकूड यांच्यामध्ये फट असते, फडक्यातलं पाणी खालच्या कडेला साचलं आणि आत ओढलं गेलं. दुपारी चहाहून परत आले तर डाव्या कोपऱ्यात तपकिरी कड असलेला डाग पसरत होता. मी कोणाची वाट न बघता जाऊन सांगितलं. चौकट आडवी करून पाठ उघडली, टीपकागद ठेवले. कोणी रागावलं नाही. बाईंनी फक्त नोंदवही पुढे केली आणि म्हणाल्या, काय झालं ते तुम्हीच लिहा, तारीख-वेळ घाला, सही करा. मी लिहिलं. बँकेत एवढी वर्षं सह्या केल्या, त्या दिवशी मात्र पेन जड झालं होतं.

दुसऱ्या महिन्यात आम्हाला गृहपाठ दिला : शहरातली अशी ठिकाणं बघून या, पण वस्तू बघू नका, त्या कशा राखल्यात ते बघा. मी लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनला गेले. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली तीही तिथेच, गच्चीवरच्या तंबूतून. शाळेच्या सहलीत हे सगळं ऐकलेलं होतं. या वेळी मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीपुढे नुसती उभी राहिले. बैठक आणि चरखे, बाकी खोली जवळजवळ मोकळी. एवढी थोडी सामग्री असलेली खोली राखणं अवघड असतं हे मला तेव्हा उमगलं, कारण तिथे एक वस्तू चार बोटं सरकली तरी सगळी बैठक बिघडेल. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. ते या शहरातलं सगळ्यात जुनं संग्रहालय. आजच्या इमारतीत ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं आणि भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५ साली मिळालं. तिथली मातीची छोटी माणसं, वेगवेगळ्या जातीधंद्यांची, पगड्या-लुगड्यांची, मी आधीही पाहिली होती. आता कपाटांच्या काचांच्या कडा पाहिल्या, दिव्यांचा मंदपणा पाहिला. कापड आणि कागद यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. भर दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि रोजचं थोडं थोडं नुकसान साठत जातं. लोक अशा ठिकाणी 'जरा दिवे लावा की' म्हणतात, मीही म्हणायचे.

मग यादी. घरातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक, मापं, कशाची केली, कुठे सापडली, अवस्था कशी. क्रमांक थेट वस्तूवर लिहायचा नाही. धातूवर आणि लाकडावर आधी पारदर्शक राळेचा एक थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर; हवा तेव्हा पुसता येतो. कपड्यांना सुती फितीवर क्रमांक लिहून फीत दोन टाक्यांनी शिवायची. कागदावर मऊ पेन्सिल. हे काम मला मनापासून आवडतं. खतावणी जुळल्याचा आनंद ज्याला माहीत आहे त्याला हे कळेल.

यादी करणारी दोन मुलं हुशार, इंग्रजी शाळेतली. एका कोपऱ्यातल्या चार बारीक, टोकाला आकडे असलेल्या काठ्यांपुढे त्यांनी लिहिलं होतं : 'लाकडी काठ्या ४, उपयोग अज्ञात'. मी त्या पाहिल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची चाळीतली खोली उभी राहिली. मच्छरदाणीचे दांडे. पलंगाच्या चार खुरांना बांधायचे, वरच्या आकड्यांना जाळी अडकवायची, सकाळी सोडून कोपऱ्यात उभे करायचे. मी ते त्या मुलांना करून दाखवलं. तेव्हापासून 'उपयोग अज्ञात'ची वेगळी वही झाली, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना महिन्यातून एकदा चहाला बोलावून ती वही त्यांच्यापुढे उघडायची हे माझं काम झालं. त्यातल्या एक आजी मुलगी असताना याच घरी धुण्याभांड्याला यायच्या. मागच्या न्हाणीत बंब कुठे होता, त्याला कोळसा कोण आणायचं, डॉक्टरांच्या पेशंटांनी कोणत्या दारातून यायचं आणि कामवाल्यांनी कोणत्या, हे त्यांनी चालत चालत दाखवलं. मागच्या जिन्याच्या कठड्याची चौथी पट्टी बदललेली आहे, कारण ती त्यांच्या हातून बंबाचा घडा पडून मोडली होती. हे सगळं आम्ही त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. नकाशात तो जिना 'सेवाजिना' होता. आता त्यापुढे त्यांचं म्हणणंही आहे.

मे महिन्यात दोन दिवस आम्हाला याच कुटुंबाच्या आगाशीकडच्या वाडीवर नेलं. विरारपर्यंत लोकल, पुढे रिक्षा. तिथलं घर अजून लोकांसाठी उघडलेलं नाही. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, आणि विहिरीवर मोडलेल्या राहाटाचे दोन खांब. वसई तालुक्यातल्या बागायती एके काळी राहाटाच्या पाण्यावर चालत. आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, अजून लोक नाव घेऊन मागतात. आमचं काम होतं कौलं चाळायचं. पावसाआधी सगळी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला, चांगली ब्रशने झाडून परत चढवायची. गावातले दोन अनुभवी गडी छपरावर, आणि आम्ही खाली रांगेत, हातातून हातात कौल देत. मंगळुरी कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव उठावात दिसतं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला आणि मग ही कौलं किनाऱ्याने सगळीकडे पोचली. आमच्या रांगेतून तीन वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं गेली. म्हणजे हे छप्पर याआधीही कोणीतरी असंच उतरवून चढवलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताची बोटं मिटत नव्हती.

आणि मग आषाढ.

आमच्या न्यासाच्या बाईंनी काही काळ इंग्लंडमध्ये अशाच एका जुन्या घरी काम केलेलं आहे. तिकडे १८९५ पासून नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था अशी घरं आणि जमिनी सांभाळते, आणि खोलीखोलीत बसून माहिती सांगणारे बरेचसे लोक स्वयंसेवकच असतात. तिथली बरीच घरं थंडीत बंद ठेवतात, सामानावर चादरी घालतात, खिडक्या लावतात; त्याला ते लोक घर झोपवणं म्हणतात. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, आपण कधी झोपवायचं? आपल्याकडे थंडी घराचं काही बिघडवत नाही. आपला वैरी पाऊस. मुंबईत जून ते सप्टेंबर २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत गिरगावात ती नव्वदीलाही जाते. मी म्हटलं, देव झोपतात तेव्हा. आषाढी एकादशीला झोपवायचं, कार्तिकीला उठवायचं. देवशयनी ते प्रबोधिनी. सगळ्यांना ते एकदम पटलं. घर पाहायला येणारे लोक पावसात तसेही कमी असतात. पाऊस त्याआधीच सुरू होतो, त्यामुळे खिडक्या आणि पुस्तकं जूनच्या पहिल्या आठवड्यातच आवरायची. एकादशीला शेवटच्या चादरी घालायच्या.

झोपवायला चार गुरुवार लागतात. पुस्तकं एकेक करून, पाठीकडून कडेकडे मऊ ब्रशने झाडायची, कसर दिसली तर ते पुस्तक वेगळं. पोथ्यांची लाल फडकी सोडून धुतलेल्या मलमलीत बांधायच्या, कारण लाल रंग ओल्यात उतरतो. शालू आणि पैठण्या घडी न घालता नळकांड्यावर गुंडाळायच्या म्हणजे जरतार मोडत नाही. आजी दिवाळीनंतर कपड्यांना ऊन दाखवायची, इथे सावलीतला वारा दाखवतात. सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढायचं. मग चादरी. सगळ्यात शेवटी प्रत्येक खोलीत आर्द्रतामापक आणि शेजारी वही. पावसाळ्यात रोज कोणीतरी एकजण जातो, आकडे लिहितो, भिंतीला हाताची पालथी बाजू लावून बघतो, वाळवीच्या मातीच्या रेघा शोधतो, अर्ध्या तासात परत येतो.

पहिल्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीने आम्हाला रडवलं. न्यासाकडे येण्याआधी एका ठेकेदाराने ती सिमेंटने गुळगुळीत केली होती. जुनी विटांची, चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून हवेत निघून जाते. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं, ओल वर सरकली आणि कमरेच्या उंचीला क्षारांचा पांढरा लोणा फुटला. गिलाव्याचे पोपडे निघत होते. दसऱ्यानंतर ते सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढलं, भिंत कित्येक आठवडे उघडी वाळू दिली. मग मुरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी म्हणजे पूड, आणि गवंड्याने आपल्या पद्धतीप्रमाणे त्यात घातलेलं गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्यामुळे घाई चालत नाही. तो वाळून तडकू नये म्हणून ओलं गोणपाट लावायचं आणि दिवसातून तीनदा शिंपडायचं काम आम्हा स्वयंसेवकांकडे होतं. मी त्या दिवसांत आठवड्याला तीनदा डोंबिवली-दादर-चर्नी रोड केलं. घरचे काळजीने विचारायचे, एवढं काय आहे त्या भिंतीत. मला नीट सांगता यायचं नाही. पुढच्या जुलैत मी तिला पालथा हात लावला, आणि ती कोरडी होती.

कार्तिकी एकादशीला सकाळी आम्ही सगळे येतो. पूर्वेकडच्या खिडक्या आधी उघडतो, मग चादरी दोघादोघांनी, धूळ आत गुंडाळून काढतो. भुसा शोधतो. डावीकडच्या चौकटीवर औषध टोचून आता तीन वर्षं झाली, खाली काही पडत नाही. दुपारी वाडीतल्या बायका चहाला येतात, 'उपयोग अज्ञात'ची वही उघडते.

आणि मी जिन्याजवळच्या फोटोपाशी जाते. तो दुरुस्त होऊन आलाय, नव्या चौकटीत, काच फोटोला चिकटणार नाही अशी पट्टी मध्ये घालून. डाग फिका झालाय, पण गेलेला नाही. पूर्ण काढायचा म्हटलं तर वरचा थर दुखावेल म्हणून तसाच ठेवलाय. वर्षातून एकदा प्रत्येक वस्तूची अवस्था तपासून लिहायची असते, तो फोटो दर वेळी मी मागून घेते. पट्टीने मोजते आणि लिहिते : डाव्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग, पावणेदोन इंच, वाढलेला नाही. खाली तारीख आणि माझी सही.